मणी कुणाचे, हात कुणाचे?

‘रेड इंडियन’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे सिनेमातला पिसांचा टोप उभा राहतो. तो मैदानी जमातींचा, चिकासॉंचा नव्हे! त्यांच्या स्त्रिया फिती लावलेले झगे घालतात, नाचताना पायांना कासवांच्या कवचांचे खुळखुळे बांधतात. त्यावर पंडित विचारतात : काचेचे मणी गोऱ्या व्यापाऱ्यांचे, मग परंपरा कसली? मी म्हणतो, मणी परके म्हणून गुंफणही परकी? शिंपल्यांचे मणी तर त्याआधीही होतेच. १८३७ पासून मिसिसिपीतून ओक्लाहोमाकडे हुसकले गेले, तेव्हा त्यांची भूमी गेली. बोटांतली कला गेली नाही. अमेरिकेचा १९९० चा कायदाही ‘इंडियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत मणी कुठला हे विचारीत नाही. हात कुणाचा, एवढेच विचारतो. पंडितांना तेवढेही सुचू नये?