काठीचा घोडा: एक पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या भातुकलीला, दुकान-दुकान वा डॉक्टर-डॉक्टर अशा लुटुपुटीच्या खेळांना घरातील मोठ्यांनी उत्तेजन द्यावे, या मतावरील आक्षेपांपैकी ‘तेवढ्या वेळात मूल चार अक्षरे गिरवील’ हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत दुबळा आहे. कारण ज्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे साठलेलेच नाही, त्याला लिहिता येऊन ते लिहिणार काय? खरा पूर्वपक्ष बालशिक्षणाच्या क्षेत्रातूनच आलेला आहे.

कल्पनाशक्ती इंद्रियानुभवाच्या पायावरच उभी राहते, असे मारिया माँटेसरी मानत. वडिलांच्या काठीवर स्वार होणारे मूल काही निर्माण करीत नसून खरा घोडा न मिळाल्याची अतृप्ती तेवढी प्रकट करते, म्हणून त्याला खोट्या वस्तूंऐवजी हाताला पेलेल असे खरे काम द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. मटार सोलण्याची वा पोळी लाटण्याच्या संधीची उणीव बोळक्यांनी भरून निघत नाही, हे यातून मान्यच करावे लागते. मात्र माँटेसरी पद्धती भारतात रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनीही भावनगरच्या बालमंदिरात कथा आणि नाट्य यांना मानाचे स्थान दिले होते, हे विसरून चालणार नाही.

नेमकी तीच काठी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी 1933 च्या आपल्या व्याख्यानात हाती घेतली आणि तिच्यातून वेगळा निष्कर्ष काढला. काठी म्हणजे घोडा नव्हे हे मुलाला पक्के ठाऊक असते; तरीही ते घोड्याचा अर्थ घोड्यापासून सोडवून काठीवर ठेवते, आणि वस्तूपासून अर्थ सुटा करण्याची ही क्रिया शब्द वापरण्याच्या क्रियेची सख्खी बहीण आहे. हा व्यवहार स्वैर नसतो. काठीवर टांग टाकता येते म्हणून ती घोडा होते, पोस्टकार्ड घोडा होऊ शकत नाही. ज्याला माँटेसरींनी वास्तवापासूनचे पलायन मानले, ते अशा रीतीने वास्तवाच्या गुणधर्मांचे बारीक निरीक्षण ठरते.

दुसरा आक्षेप अधिक अलीकडचा आहे. अँजेलीन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, लुटुपुटीच्या खेळामुळेच बुद्धी वा सर्जनशीलता वाढते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे दाखवले. भाषेच्या बाबतीतही खेळ आणि प्रगती यांचा संबंध दिसला, तरी त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. लिलार्ड स्वतः माँटेसरी पद्धतीच्या अभ्यासक आहेत, एवढ्यावरून हा आढावा बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल; खेळणी विकणाऱ्यांच्या जाहिरातींना तर त्याने बसलेला चाप योग्यच आहे. परंतु या आढाव्याने खेळाची निरुपयोगिताही सिद्ध होत नाही, आणि खेळ चालू असताना कोणती भाषा वापरली जाते, हे तर उघड्या कानांनी ऐकता येते.

मराठीत ती विशेष ऐकण्याजोगी असते. क्रियापदात बोलणाऱ्याचे लिंग उमटत असल्याने ‘आई’ झालेल्या मुलाला ‘मी बाजारात जाते’ म्हणावे लागते आणि ‘दुकानदारकाका’ झालेली मुलगी ‘देतो, देतो’ म्हणते. एरवी ज्याला सगळे ‘अरे-तुरे’ करतात ते मूल ‘डॉक्टर’ होताच ‘तुम्ही’ ऐकते आणि रुग्णाला ‘काय होतंय तुम्हाला?’ असे विचारते. शिवाय कोण कोण होणार, कोणते पान पोळी मानायचे, हे आधी बोलून ठरवावे लागते. समोर नसलेली वस्तू दाखवता येत नसल्याने ती शब्दांनीच उभी करावी लागते, आणि दैनंदिन व्यवहारात ‘ते दे’ म्हणून भागणारे बोलणे येथे अपुरे पडते.

मोठ्यांनी उत्तेजन देणे म्हणजे खेळाचा तास घेणे नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळाला मान्यता दिल्यापासून प्रत्येक खेळाला ‘अध्ययन निष्पत्ती’ चिकटवण्याची जी घाई दिसते, तिने खेळाचा जीवच जाईल. मुलाने देऊ केलेली भूमिका घ्यावी आणि तिला शोभेल असे बोलावे, एवढेच पुरेसे आहे: ‘वांगी हजार रुपये किलो’ असे ऐकल्यावर भावाची दुरुस्ती न करता, गिऱ्हाइकाने करायची ती घासाघीस करावी. अशा संभाषणाचे श्रेय खेळाला द्यायचे की संवाद साधणाऱ्या मोठ्या माणसाला, हा लिलार्ड यांचा प्रश्न संशोधकांसाठी खुला राहतो. घासाघीस मात्र दोघांवाचून होत नाही.