कॉफी... दाबून!

आमच्या नंदुरबारमध्ये ‘एस्प्रेसो’ म्हटलं की लग्नाचा मांडव आठवतो. कोपऱ्यातलं चकचकीत मशीन, फुस्सकन सुटणारी वाफ, कपात फेसाचा डोंगर आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर! बारावीपर्यंत मीही त्यालाच एस्प्रेसो समजत होते. मास कॉमसाठी पुण्याला गेले, पहिल्याच कॅफेत एवढूसा कडू काढा समोर आला, तेव्हा वेटरला विचारलं होतं, ‘‘बाकीची कुठंय?’’

पप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेले तीन महिने मी घरूनच लिहितेय. पुण्यातलं सगळ्यात जास्त काय मिस करते, तर तो काढा. (बॉयफ्रेंडने हे वाचू नये.) ऑटोमॅटिक मशीन फ्रीलान्सरच्या खिशाला झेपत नाही आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून हाताने दाबायची मशिन्स. दोन मैत्रिणींनी आपापली महिनाभर उधार दिली. एकीचं फ्लेअर, दुसरीचं कॅफेलॅट रोबॉट.

गणित साधं आहे. 18 ग्रॅम बारीक कॉफी, उकळीच्या जवळचं पाणी, 9 बार दाब, आणि अर्ध्या मिनिटात कपात साधारण 36 ग्रॅम. मिलानच्या अकिले गाजियाने 1938मध्ये या दाबाच्या कॉफीचं पेटंट घेतलं. त्याची दांड्याची मशिन्स युद्धानंतर आली आणि एस्प्रेसोवर सोनेरी क्रेमा आला.

पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. ऑपरेशननंतर दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. ‘9 बार’ ऐकून मान वळली. ‘‘म्हणजे 130 पौंड? बसच्या टायरलाही एवढी हवा नसते.’’

पहिला आठवडा मात्र पार फसला. कॉफी मिक्सरमध्ये दळली. दाणे जाडेभरडे, त्यामुळे दांडा धाडकन खाली आणि दहा सेकंदात आंबट पाणी बाहेर. त्यात आईने त्याच भांड्यात मिरची दळलेली. नंदुरबारची मिरची, विचार करा! तेव्हा आधी हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या, मशीन मागाहून.

फ्लेअर सुटं करून बॅगेत मावतं. हॉस्टेल, पीजीवाल्यांसाठी बेस्ट. पण दर कपाआधी त्याचं सिलिंडर उकळत्या पाण्याने तापवावं लागतं. एकट्याला ठीक, तिघांच्या घरात चौथ्या दिवशी कंटाळा येतो. रोबॉटला दोन हात आहेत. बास्केटमध्ये कॉफी, वर थेट पाणी, दोन्ही हात खाली. संपलं. धुणंही कमी. मात्र ते जड आहे आणि ओट्यावरची जागा अडवून बसतं. माझं मत रोबॉटला. 1961पासूनची ला पावोनीची युरोपिकोला दिसायला जाम सेक्सी, दुधाला वाफही देते. पण तिला प्लग लागतो आणि दोनतीन कपांनंतर ती तापते. पहिल्या प्रेमासाठी नको. अगदीच तंगी असेल तर मोका पॉट आहे. ती एस्प्रेसो नाही, पण मी नाक मुरडणार नाही.

कॉफीसाठी कुरिअरचाच आधार. चिखलदरा सातपुड्यातलाच, तिथे कॉफी होते. आमच्या वाट्याच्या सातपुड्यात मोह.

एका संध्याकाळी शेजारच्या आजी ओट्याशी येऊन म्हणाल्या, ‘‘हाई काय शे?’’ मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी वॉकर बाजूला ठेवला, रोबॉटचा पिस्टन काढून दाखवला, ‘वायसर’ बोटाने चाचपलं आणि ओट्याला टेकून उभे राहत स्वतः दाबलं. मनगटावरच्या घड्याळात बघत. 28 सेकंद! इतका वेळ ते ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आधाराशिवाय, म्हणजे ओट्याच्या आधाराने, उभे होते. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. ‘‘दूध टाक यात.’’

आता रोज पाच वाजता स्वयंपाकघरात वॉकरचा टकटक आवाज येतो. रविवारी मशीन परत करायचंय. पप्पांनी काल किंमत विचारली. मी निम्मी सांगितली.