'स्वतःच्या जबाबदारीवर' म्हणजे नेमकं कुणाच्या?

पोस्ट लांब आहे. ज्यांना फक्त फोटो बघायचेत त्यांनी पुढं सरकावं, फोटो टाकलेले नाहीत.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्यात पहिल्यांदाच पेंटबॉलची स्पर्धा झाली. साहेबांच्या वाढदिवसानिमित्त, बायपासच्या पलीकडच्या रिसॉर्टवर. रिसॉर्टचं नाव घेत नाही, आयोजकांचंही घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. 24 टीम, प्रत्येक टीमला 5 खेळाडू, प्रवेश फी 2500, पहिलं बक्षीस 51 हजार आणि सोबत पोराच्या छातीएवढी ट्रॉफी. डीजे होता, ड्रोन होतं, जेवणाची सोय होती. आम्हा पत्रकारांचीही एक टीम उतरली होती आणि तिचा कॅप्टन मी होतो. तेव्हा खाली जे लिहितोय त्यात मी बाहेरून बोट दाखवतोय असं कुणी समजू नये.

खेळ मला आवडला, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, हरले म्हणून रडतायत. आमच्या पाचांचं सरासरी वय चाळिसाच्या वर, त्यात दोघांचे गुडघे गेलेले. टायर, ड्रम आणि वाळूच्या पोत्यांमागं लपायचं, समोरच्या टोकाचा झेंडा काढून आणायचा, अंगावर बॉल फुटला की हात वर करून गुमान बाहेर चालायचं. पहिल्या मॅचला आम्ही सगळेच एकदम पुढं पळालो आणि दीड मिनिटात सगळेच बाहेर आलो. दुसऱ्या मॅचपासून डोकं वापरलं. दोघं मागं थांबून ओरडून सांगणार, 'डावीकडं ड्रममागं एक', मधला सतत मारा करून समोरच्याला डोकं वर काढू देणार नाही आणि उरलेले दोघं कडेकडेनं सरकणार. नेमबाजी कुणालाच येत नव्हती, पण आयुष्यभर पत्रकार परिषदेत एकमेकांवर ओरडायची सवय कामाला आली. सेमीफायनलपर्यंत पोहोचलो. तिथं कॉलेजच्या पोरांनी आम्हाला धुतलं.

हा खेळ 27 जून 1981 ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेन्निकर गावच्या जंगलात पहिल्यांदा खेळला गेला. 12 जण होते. बंदूक होती ती झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा, जंगलात कामं करणारा माणूस, आणि त्यानं अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही. म्हणजे हा खेळ मुळात चालण्याचा, लपण्याचा, डोक्याचा. त्यामुळं 'बंद करा हे थेर' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. दोन-तीन ज्येष्ठांनी मला फोन करून तसं लिहायला सांगितलं. नाही लिहिणार. पोरं मोबाईल खिशात टाकून दिवसभर मातीत लोळत होती, त्यात वाईट काय?

आता फायनलमध्ये काय झालं ते.

फायनलमधल्या एका टीममध्ये 16 वर्षांचा एक पोरगा होता. अकरावीत शिकतो. पळत ड्रममागं गेला, मातीत घसरला, त्याच्या मास्कचं इलॅस्टिक आधीच सैल, मास्क कपाळावर गेला. पंधरा-वीस फुटांवरून आलेला बॉल थेट डाव्या डोळ्यावर फुटला. मारणाऱ्या पोराची काहीही चूक नाही, त्याला दिसलंच नव्हतं. पोरगा खाली बसला. पंचांना वाटलं आऊट झाला, म्हणून त्यांनी हातानं 'बाहेर ये' अशी खूण केली. डीजे चालू होता.

डोळ्याच्या आत रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी उशाशी उंच करून झोपून राहायला सांगितलं, थेंब दिले, आणि बापाला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिसेल हळूहळू, पण या डोळ्याचं प्रेशर आयुष्यभर तपासत राहावं लागेल, अशा मारानंतर काचबिंदू कधीही होऊ शकतो. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. आतापर्यंत 20 हजारांच्या वर गेलेत. आणि त्या संध्याकाळी फायनल अर्ध्या तासानं पुन्हा सुरू झाली, साहेब आले, ट्रॉफी दिली गेली, फटाके वाजले. मी तिथंच होतो. मी टाळ्या वाजवल्या.

बाप चार दिवसांनी आयोजकांकडं गेला. त्यांनी फाईल काढून फॉर्म दाखवला. फॉर्मवर पोराची सही. वर छापलेलं: 'मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत असून कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत.'

हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकावर असतं. क्रिकेट, कबड्डी, मॅरेथॉन, बैलगाडा, काहीही असो. छापणाऱ्या प्रेसवाल्याकडं ते तयारच असतं, नुसतं नाव बदलायचं. आम्हीही सगळ्यांनी न वाचता सही ठोकली. पण मंडळी, भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्यात सरळ आहे की 18 वर्षांखालच्याला करार करता येत नाही. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहरी बीबीच्या खटल्यात निकाल दिला की अज्ञानानं केलेला करार मुळातच शून्य. म्हणजे एकशेवीस वर्षांहून जुनी गोष्ट. त्या पोराच्या सहीची किंमत तो कागद छापायला लागलेल्या शाईएवढीही नाही. आणि मोठ्यांची सही असली म्हणून काय? पैसे घेऊन सेवा दिली की समोरचा ग्राहक होतो, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत हलगर्जीपणा आणि त्यामुळं झालेली इजा आलेली आहे. एक ओळ छापली की हलगर्जीपणा धुऊन निघतो, हे कुणी सांगितलं यांना?

हलगर्जीपणा नव्हताच, अपघात होता, असं आयोजकांचे कार्यकर्ते कॉमेंटमध्ये लिहितायत. बरं. मग हे वाचा.

पेंटबॉलचा बॉल साधारण 17 मिलिमीटरचा. वजन तीनेक ग्रॅम. बाहेर जिलेटिनचं कवच, आत रंग. मैदानावर सर्वसाधारणपणे वेगाची मर्यादा सेकंदाला 300 फूट ठेवतात, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं. अंगावर बसला तर वळ उठतो, दोन दिवसांत जातो. पण डोळ्याची गोष्ट वेगळी. क्रिकेटचा बॉल डोळ्यावर आला तर तो खोबणीपेक्षा मोठा असतो, बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड घेतं. हा बॉल खोबणीत आरामात शिरतो. हाड मध्ये येतच नाही, सगळा मार डोळाच घेतो. म्हणून जगभर या खेळात पहिला नियम एकच असतो: मैदानात मास्क काढायचा नाही. धुकं धरलं, घाम आला, आऊट झालास, काहीही झालं तरी जाळीच्या बाहेर गेल्याशिवाय नाही. आणि कुणाचा मास्क निघाला की पंचानं त्या क्षणी शिट्टी मारून खेळ थांबवायचा. आपल्या पंचांना हा नियम माहीतच नव्हता. त्यांचा काय दोष, ते आदल्या रात्री नेमलेले होते.

मास्क किती होते? मी स्वतः मोजले, 14. मैदानात एका वेळी 10 जण. एक मॅच संपली की घामानं ओले झालेले तेच मास्क पुढच्या दहा जणांच्या तोंडावर. काच एकेरी, त्यामुळं दोन मिनिटांत आतून वाफ धरायची. आमच्या फोटोग्राफरनं सेमीफायनलमध्ये मास्क दोन बोटं वर करून काच पुसली आणि त्याच क्षणी बॉल गालावर फुटला. डोळ्याच्या एक इंच खाली. आम्ही त्याला हसलो. आठवडाभर त्याला 'काळा गाल' म्हणून चिडवत होतो. पुढच्या तासाभरात काय होणार याचा इशाराच होता तो, पण कॅप्टन म्हणून माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एवढंच आलं की एक माणूस कमी झाला.

आणि वेग? वेग मोजायचं छोटं यंत्र असतं, क्रोनोग्राफ म्हणतात. प्रत्येक बंदूक मैदानात जाण्याआधी त्याच्यासमोर झाडून बघायची असते, कारण बंदुकीचा वेग एका स्क्रूनं कमी-जास्त होतो. खिशात ॲलन की असलेला कुणीही तो वाढवू शकतो. शिवाय आपल्याकडं होते ते कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर. ऊन वाढलं की त्यातलं प्रेशर वाढतं आणि बॉलचा वेगही. सकाळी नऊला बरोबर असलेली बंदूक दुपारी दोनला बरोबर असेलच असं नाही. आपल्या स्पर्धेत क्रोनोग्राफ नव्हता. मी विचारलं तेव्हा आयोजकांपैकी एक जण म्हणाला, 'दादा, ते इंटरनॅशनलला लागतं.' डोळे काय इंटरनॅशनलवाल्यांनाच असतात?

डीजेला पैसे होते. ड्रोनला होते. बक्षिसाचे 51 हजार होते. दुहेरी काचेचे, वाफ न धरणारे 20 मास्क आणि एक क्रोनोग्राफ घ्यायला पैसे नव्हते, हे मला कुणीही पटवून देऊ नये. फक्त प्रवेश फीचेच 60 हजार झाले, प्रायोजक वेगळे.

'आपलं गाव पुढं चाललंय ते तुम्हाला बघवत नाही,' अशीही एक कॉमेंट आहे. भावा, गाव पुढं जावं म्हणूनच लिहितोय. कोर्टात जाईपर्यंत गोविंदाच्या थरांवर चढणाऱ्या लहान पोरांचा विचार कुणी केला नव्हता. नंतर वयाचा नियम आला, 2022 साली सरकारनं दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, विम्याची घोषणा झाली. त्यानं दहीहंडी संपली का? थर अजून लागतायतच.

आता माझं. दुसऱ्या दिवशी मी दिलेल्या बातमीचं शीर्षक होतं 'पेंटबॉल स्पर्धा उत्साहात संपन्न'. चार कॉलम, साहेबांचा फोटो, विजेत्यांची नावं, आणि शेवटी 'पत्रकार संघाने उपांत्य फेरीत धडक मारून उपस्थितांची मने जिंकली'. पोराबद्दल एक ओळ नाही. त्याच पानावर वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती, आणि तिचं कमिशन मला मिळालंय. हे लपवून मी दुसऱ्यांना जाब विचारू शकत नाही. ते कमिशन परवा पोराच्या वडलांकडं दिलं. त्यांनी घ्यायला नकार दिला, मग औषधाच्या दुकानात त्यांच्या नावावर जमा केलं. यात मोठेपणा काही नाही, उशीरच झालाय.

2021 साली राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे. आपल्या तालुक्यातल्या किती रिसॉर्टनी ती केलीय, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी दिलाय. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की इथंच टाकतो, जसं असेल तसं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात दुसरी स्पर्धा आहे. आयोजक वेगळे, रिसॉर्ट वेगळं, पत्रकावरचं वाक्य तेच. आमच्या टीमची फी भरलेली आहे. मी त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारल्या: मास्क किती आणि कसले, क्रोनोग्राफ आहे का, 18 खालच्यांच्या फॉर्मवर सही कुणाची घेणार. 'बघतो दादा' म्हणालेत. त्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिथं मास्क मोजायला उभा राहणार आहे. कमी भरले तर आमची टीम उतरणार नाही, फीही परत मागणार नाही. ज्यांची पोरं त्या स्पर्धेत आहेत त्यांनीही सातला यावं. चहा माझ्याकडून.