गुणवत्तेचा हिशेब झाडावर मांडा!

लोणावळ्याच्या तुंगार्लीत शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. डोंगराच्या कुशीत बंगले आणि हॉटेले उभी आहेत. त्या बंगल्यांची राखण करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बागेला पाणी घालणाऱ्या माणसांची मुलेही इथेच वाढतात. अशा मुलांच्या एका अभ्यासवर्गात आम्ही मध्यंतरी जाऊन बसलो. सातवीतल्या एका मुलीला आम्ही विचारले, "बाळा, रुपया दोनदा उडवला तर निदान एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती?"

तिने बोटे मोजली. "सर, दोन्ही छापे, एक छापा एक काटा, नाहीतर दोन्ही काटे. तीन प्रकार. त्यातल्या दोनात छापा आहे. म्हणजे तीनात दोन."

उत्तर चुकले. पण चुकणारी ती पहिली नव्हे. दालांबेर हा फ्रान्सचा नामांकित गणिती. 1754 साली फ्रेंच विश्वकोशात लिहिताना त्यानेही याच प्रश्नाचे उत्तर तीनात दोन असे दिले होते. तेव्हा मोलकरणीच्या मुलीने खजील होण्याचे कारण नाही.

आम्ही फळ्यावर झाड काढले. एका ठिपक्यातून दोन फांद्या : छापा आणि काटा. त्या प्रत्येक फांदीला पुन्हा दोन : छापा आणि काटा. टोके किती झाली? चार. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. याच त्या प्रयोगाच्या निष्पत्ती. त्यातल्या तीन टोकांना छापा सापडतो. म्हणून संभाव्यता चारात तीन. "छापा-काटा आणि काटा-छापा मी एकच धरले!" मुलगी आपणहून म्हणाली. चूक तिची तिनेच पकडली. झाडाचा गुण हाच आहे. जी फांदी घाईत आपल्या नजरेतून सुटते, ती झाड सोडू देत नाही.

आता आम्ही हे वर्तमानपत्रात का सांगतो आहोत? कारण या देशात फांद्या न मोजता उत्तर सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. "आता सगळ्यांना संधी सारखी आहे. मग मागे का राहता? तुमच्यात गुणवत्ता नाही", असा टेंभा ते मिरवतात. त्यांचे हे उत्तर आपण झाडावर तपासून पाहू.

समजा, शिक्षणाच्या वाटेवर तीन दारे आहेत : सातवीपार, दहावीपार आणि बारावीपार. एका वस्तीतल्या मुलांना घरी पुस्तके, शिकवणी, स्वतंत्र खोली आहे. तिथे प्रत्येक दारातून दहापैकी नऊ मुले पुढे जातात. दुसऱ्या वस्तीत आईबाप रोजावर, घर एका खोलीचे. तिथे दहापैकी सात जातात. दर दारी फरक दोन मुलांचा. तो कोणाच्या डोळ्यावरही येत नाही. पण झाडावर फांदीपुढे फांदी आली की गुणाकार करावा लागतो. पहिल्या वस्तीतली 1000 मुले घ्या : 900, मग 810, मग 729. दुसऱ्या वस्तीतली 1000 घ्या : 700, मग 490, मग 343. शेवटी दुपटीहून अधिक अंतर! चौथे दार पदवीचे लावा, 656 आणि 240 उरतात. आकडे आम्ही मानलेले आहेत, पण गुणाकार कोणाच्या मानण्यावर चालत नाही. यात मुलांची बुद्धी कुठे कमी पडली?

आता आरक्षणाचे पाहा. समजा, आरक्षणाने दुसऱ्या वस्तीसाठी तिसरे दार पहिल्या वस्तीइतकेच रुंद केले. तिथेही दहापैकी नऊ जाऊ लागली. तर 490 मधली 441 बाहेर पडतील. तरीही 729 नव्हेतच! मागच्या दोन दारांनी अडवलेली मुले शेवटच्या दाराने परत मिळत नाहीत. म्हणून आरक्षण टिकवलेच पाहिजे, आणि त्याच त्वेषाने पहिली दारेही रुंद करून घेतली पाहिजेत. झेडपीची आणि नगरपरिषदेची शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची लढाई आरक्षणाच्या लढाईहून वेगळी नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेब नाही का पुढे गेले? गेले. पण त्यांच्या वाटेचे झाड काढून पाहा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ती फांदी छाटली गेली, पर्शियन घ्यावे लागले. 1907 साली ते मॅट्रिक झाले. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती नसती तर? एक महामानव शेवटच्या टोकाला पोचला, यावरून वाट खुली होती हे सिद्ध होत नाही. त्यांच्या बरोबरीची किती लेकरे कोणत्या फांदीवर खुडली गेली, हा खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती या खुडलेल्या फांद्यांसाठीच.

राज्य मंडळाच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. पण जे लेकरू दहावीपर्यंत पोचतच नाही, त्याला ते भेटणार कधी? झाडाची आकृती सातवीच्या मुलालाही कळते. तिला खडू आणि रुपयाचे नाणे पुरते. आमच्या विहारांतून रविवारी तासभर हे का होऊ नये?

लोणावळ्याहून पुण्याकडे लोकलने निघाले की वाटेत देहूरोड लागते. तिथे 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कारणावाचून काही घडत नाही, ही त्या तथागताची शिकवण. 'आमच्या नशिबातच नव्हते' असे म्हणणाऱ्या बापाला त्याची सातवीतली मुलगी उद्या झाड काढून दाखवील आणि विचारील, "बाबा, यातली कुठली फांदी तोडली, आणि कोणी?"

त्या प्रश्नासाठी विहारात एक फळा लावा. जयभीम!