सेवेला अट कशासाठी?

दिवाळी सरली की पेण तालुक्यातील कातकरी वाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. पावसाळ्याच्या तंगीत घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको, कच्चीबच्ची, भांडीकुंडी, कोंबड्या असा सारा संसार वीटभट्टीकडे निघतो. काही कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने संपली, असे आपण मुलांना पुस्तकातून शिकवतो!

या माणसाचे कर्ज, दारू, घरातील मारझोड, मूल गमावलेल्या आईचे मूक दुःख हे सारे बसून ऐकणार कोण? आफ्रिकेत चर्चने हा प्रश्न फार आधी हेरला. तेथील अनेक मिशनरी संस्था विहीर, दवाखाना आणि शाळा यांच्या जोडीला समुपदेशनही चालवितात. एड्सने आणि यादवीने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांत त्यांनी उपसलेले कष्ट नाकारणे हा कोतेपणा ठरेल. आक्षेप कष्टांना नाही. ज्या खुर्चीवर बसून दुःख ऐकले, त्याच खुर्चीवरून जेव्हा श्रद्धा बदलण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा आक्षेप सुरू होतो. सगळेच तसे करतात असे नव्हे. पण खचलेला माणूस आपले मन उघडे करतो, त्या क्षणी त्याच्याशी देवाचा सौदा करणे ही सेवा नव्हे.

हे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्याच नाशिकचा इतिहास चाळावा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरविली जात. त्यांतील अनेकांना नाशिकच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयगृहात ठेवले जाई. सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरओळख यांबरोबर बाप्तिस्माही होई. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. १८७३मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांतही तो होता. केवढी ही निष्ठा! त्या पोराची बेडी तोडणाऱ्यांचे उपकार खरेच. पण ‘जेकब’ हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हते. बेडीबरोबर त्याचे नाव आणि त्याचे देवही काढून घेण्याचे कारण काय होते?

धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सांगितलेच आहे. पण न्यायालयाने दिलेला निकाल कातकऱ्याची उचल फेडत नाही.

धर्माची जोड न देता मनाला आधार देता येतो, याचा दाखलाही आफ्रिकेतच आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६मध्ये दवाखान्याच्या आवारात बाकडी मांडून त्यांवर वस्तीतल्या प्रशिक्षित आज्यांना बसविले. दुःखी माणसाने यावे, बोलावे. आजीने ऐकावे आणि एकेका अडचणीतून वाट शोधायला त्याला मदत करावी. एवढेच! २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले आणि नैराश्याची लक्षणे लक्षणीय घटल्याचे दिसले. कोणालाही नाव बदलावे लागले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या पेणमध्ये आज्यांचा दुष्काळ पडला आहे काय? याच तालुक्यातील गागोद्यात १८९५मध्ये विनोबांचा जन्म झाला, याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो. वाडीवर प्रार्थनासभा भरल्याची कुणकुण लागली, की निवेदन घेऊन तहसील कचेरी गाठण्यातही आपण तत्पर. त्याआधीची दहा वर्षे त्या वाडीचा रस्ता कोणी तुडवला होता? वनवासी कल्याण आश्रमाने १९५२मध्ये जशपूर येथे काम सुरू केले, तेव्हा हाच प्रश्न समोर होता. ते काम पूर्णवेळ कार्यकर्त्यांवर सोपवून बाकीच्यांनी वर्गणीची पावती फाडून मोकळे व्हावे, असे कोणी म्हटले नव्हते. पोकळी आपण ठेवायची आणि ती भरणाऱ्याला दोष द्यायचा, ही सवय आता सोडली पाहिजे.

पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती दरवर्षी देशोदेशी रवाना होतात. कोणती मूर्ती कोठे निघाली, याच्या नोंदी चोख असतात. येत्या दिवाळीपूर्वी तशीच एक वही प्रत्येक वाडीची तयार करावी. कोणाच्या डोक्यावर किती उचल आहे, कोणाची मुले शाळेबाहेर आहेत, कोणाच्या घरात आजारपण आहे, हे तीत असावे. ट्रक येण्यापूर्वी ती वही घेऊन वाडीवर जावे, मुले मागे ठेवण्याची सोय लावावी आणि हिशेबाच्या वेळी मालकासमोर कातकऱ्याच्या बाजूला बसावे.