तिथे आहे तरी काय?

आपल्यात कुणाच्या मुलाला किंवा भाचीला नोकरी लागली, की पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीत?’ आणि दुसरा ‘कुठे?’. उत्तर न्यू जर्सी, बे एरिया किंवा डॅलस असेल तर माना समाधानाने डोलतात. उत्तर पिओरिया, फोर्ट वेन किंवा बेंटनव्हिल असेल, तर क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी, बहुधा हातातली बटाटेवड्याची प्लेट सावरत, म्हणतं, “अरे बापरे! पण तिथे आहे तरी काय?”

मंडळी, माझं भांडण या प्रश्नाशी आहे. मी एम.एस. केलं ते मिडवेस्टमधल्या एका छोट्या विद्यापीठाच्या गावात, आणि पुढची वीस वर्षं कन्सल्टिंगच्या निमित्ताने अशाच गावांमध्ये सोमवार ते गुरुवार काढले. त्यामुळे या गावांची बाजू मांडायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो.

आधी या प्रश्नाचा खरा अर्थ पाहू. विचारणाऱ्याला गावाबद्दल कुतूहल अजिबात नसतं. त्याला विचारायचं असतं, तिथे ताजी कोथिंबीर मिळते का? डोसा मिळतो का? मुंबईला जाताना किती विमानं बदलावी लागतात? प्रश्न रास्त आहेत, पण ते गिऱ्हाइकाचे प्रश्न आहेत. आपण गावाकडे दुकान म्हणून पाहतो आणि शेल्फवर आपला माल दिसला नाही, की ‘इथे काही नाही’ म्हणून बाहेर पडतो.

शिवाय बहुतेकांनी ही गावं पाहिलेलीच नसतात. त्यांनी पाहिलेला असतो हायवेचा एक्झिट. तिथे तेच पेट्रोल पंप, तेच बर्गर, तीच हॉटेलं. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट हायवेचं जाळं विणलं गेलं आणि गावातला बराचसा व्यापार त्या एक्झिटपाशी सरकला. एक्झिट सगळीकडे सारखाच दिसतो, यात गावाचा काय दोष? पुणे स्टेशनच्या बाहेर उभं राहून पुण्याबद्दल मत देणाऱ्याला आपण काय म्हणू?

आता एक्झिटपासून जरा आत जाऊ या. इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. ओहायोचं मोठं कोलंबस नव्हे, हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. १९१९ मध्ये इथे कमिन्स ही इंजिनांची कंपनी सुरू झाली. तिचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. सार्वजनिक इमारतीसाठी नामवंत वास्तुविशारद निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. सुरुवात शाळेच्या इमारतींपासून झाली. आज त्या गावात लायब्ररी आहे ती आय. एम. पे यांनी बांधलेली, म्हणजे ज्यांनी पुढे पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा केला ते. सेंट लुईसची प्रसिद्ध कमान ज्यांनी घडवली त्या ईरो सारिनेन यांच्याही इमारती तिथे आहेत. मोठ्या शहरांनी हेवा करावा अशा इमारतींत तिथली मुलं गृहपाठ करतात.

हे गाव मराठी माणसाला परकंही नाही. याच कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ मध्ये निघालं, तेही कमिन्सच्याच नावाने. पुण्याची कितीतरी घरं ज्या गावाच्या कंपनीवर उभी राहिली, त्या गावाला पुणेकरांनीच ‘तिथे काय आहे’ म्हणायचं, हे जरा अतीच झालं.

विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे घ्या. वस्ती लाखाच्या थोडी वर. पण त्यांचा फुटबॉलचा संघ, पॅकर्स, कुणा अब्जाधीशाच्या मालकीचा नाही. १९२३ पासून तो लोकांच्या भागभांडवलावर चालतो. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. त्या शेअरवर ना लाभांश मिळतो, ना तो बाजारात विकता येतो. तरी लोक घेतात, कारण संघ आपला आहे. मोठमोठ्या शहरांतले संघ मालकाच्या लहरीने गाव सोडून जातात. ग्रीन बेचा संघ शंभर वर्षांपूर्वी होता तिथेच आहे.

आणि आमच्या आयटीवाल्यांसाठी टेनेसीमधलं चॅटनूगा. २०१० मध्ये तिथल्या नगराच्या मालकीच्या वीज कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. गूगल फायबर कॅन्सस सिटीत आलं ते २०१२ मध्ये. म्हणजे जे सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीने नंतर केलं, ते एका मध्यम शहराच्या वीज खात्याने आधी करून दाखवलं होतं.

खरं तर छोट्या गावांना नाक मुरडणाऱ्यांत मराठी माणूस शेवटचा असायला हवा. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ मध्ये, सांगलीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं बेळगावात, १८८८ मध्ये. राईट बंधूंनी डेटनला सायकलचं दुकान काढलं ते त्यानंतर चार वर्षांनी. पुढे किर्लोस्करांनी कारखाना नेला तो कुंडलजवळच्या माळरानावर. तिथे तेव्हा काय होतं? निवडुंग आणि दगड!

आता दुसरी बाजू. या गावांत सगळं छान चाललं आहे असं मी म्हणत नाही. डेटनमध्ये १८८४ पासून असलेल्या एनसीआरने २००९ मध्ये आपलं मुख्यालय जॉर्जियाला हलवलं. एका कंपनीवर जगणाऱ्या गावाला असा धक्का फार खोल बसतो. आपल्यातल्या एच-वन-बी वाल्यांची भीती तर अगदी खरी आहे. नोकरी गेली की हातात साठ दिवस, आणि गावात दुसरी तशी कंपनी नाही. आई-बाबा सहा महिने येतात तेव्हा ना बस, ना चालत जायला जागा. मुलाच्या वर्गात तो एकटाच भारतीय असतो. यातलं काहीही मी नाकारत नाही. ज्याचं ग्रीन कार्ड अडकलं आहे त्याने मोठं शहर धरलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण ज्यांची ग्रीन कार्डं, नागरिकत्व कधीच झालं, ज्यांचे मॉर्टगेज फिटत आले, तेही हेच पाढे म्हणतात, तेव्हा मात्र राग येतो. दोनशे मराठी घरांच्या वस्तीत राहून आपण मिळवतो काय? सोय. आणि गमावतो काय? मोजलं जाणं. मोठ्या शहरात तुम्ही असलात काय, नसलात काय, नगराला पत्ता नसतो. मध्यम गावात सिटी कौन्सिलच्या सभेला पंधरा लोक असतात आणि बोलायला तीन मिनिटं मिळतात. सोळावे तुम्ही असलात, तर पुढच्या आठवड्यात किराणा दुकानात नगरसेवक तुम्हाला नावाने हाक मारतो. मुलांना शोनार व्हायला हवं असेल, तर आई-बाप गावात गिऱ्हाईक नाहीत, रहिवासी आहेत, हे त्यांना दिसायला हवं.

२०१७ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सला झालं. दोन लाख वस्तीच्या शहरात अख्ख्या उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळी जमली. म्हणजे जाता येतं. फक्त दोन वर्षांतून एकदा नको.

म्हणून दोन मागण्या. एक, भाचीला बेंटनव्हिलची ऑफर आली तर चेहरा पाडू नका. तिथे क्रिस्टल ब्रिजेस नावाचं उत्तम कलासंग्रहालय आहे, प्रवेश फुकट, हे तिला सांगा. दुसरी आपल्या मंडळाला. भारतातून येणाऱ्या नाटकाचा एक प्रयोग दरवर्षी तीन तासांवरच्या एखाद्या छोट्या गावात लावा. हॉल शाळेचा घ्या. तोटा झाला तर आपण वाटून घेऊ. तिथल्या वीस-पंचवीस मराठी घरांतून जेवणाचे डबे येतील, आणि वर्षभर मराठी शब्द फोनवरच ऐकणारी मुलं पहिल्या रांगेत बसतील.