सिंहासन कलकत्त्याला, राजा रत्नागिरीला

मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी भेळ खायला आलेल्या पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. समोर दिसतो तो किल्ला कुठला, आणि थिबा पॅलेसमधला हा थिबा कोण? पहिल्याला उत्तर देणे सोपे. रत्नदुर्ग, भगवतीचे देऊळ, दीपगृह, झाले. दुसऱ्याला मात्र वेळ काढून बसावे लागते. कोणाला तो आदिलशाही सरदार वाटतो, कोणाला एखादा संस्थानिक. घाटावरून आलेल्या एका सद्गृहस्थांनी तर 'थिबे हे कोकणस्थांतले की कऱ्हाड्यांतले?' अशी पृच्छा केली होती. शंका अगदीच वावगी नाही. रत्नागिरीत एवढा मोठा वाडा आणि मालक परका, हे पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. सन 1878 मध्ये विशीच्या आतच गादीवर आला आणि सात वर्षांत ती गमावून बसला. माणूस साधुसंत नव्हता. राज्यावर येताच, 1879 साली, गादीवर हक्क सांगू शकतील असे सत्तर-ऐंशी नातलग मंडालेत मारले गेले. हुकूम त्याचा की राणी सुपयालतच्या आईचा, यावर वाद घालणारे घालतात, पण राजा तो होता. इंग्रजांना मात्र या कत्तलीपेक्षा लाकडाची चिंता जास्त होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ठरल्यापेक्षा जास्त सागवान तोडून नेले, असे म्हणून थिबाच्या मंत्रिमंडळाने 1885 साली कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोकला. त्यातच थिबाचे दरबारी फ्रेंचांशी बोलणी करत असल्याच्या बातम्या आल्या. लंडनमध्ये भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल, इकडे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला. जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज 14 नोव्हेंबरला निघाली आणि इरावतीतून आगबोटींनी वर चढत 28 तारखेला मंडालेत पोचली. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले आणि बोटीत चढवले. 1 जानेवारी 1886 ला जाहीरनामा निघाला, की वरचा ब्रह्मदेश आता राणीसरकारच्या राज्यात सामील झाला आहे. काम पंधरवड्याचे होते. म्हणजे लंडनच्या वर्तमानपत्रांपुरते तरी ते संपले होते.

मुंबईत मात्र काही मंडळींना शंका आली. थिबाला धरून महिनाही झाला नव्हता, तोच 28 डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. बहात्तर प्रतिनिधी, पोशाख साहेबी किंवा पगडी-उपरण्याचा, भाषा अर्जविनंत्यांची. त्या मवाळ मंडळींनी केलेल्या मोजक्या ठरावांत एक ब्रह्मदेशाचा होता. वरचा ब्रह्मदेश खालसा करणे आम्हाला मान्य नाही, आणि करायचाच असेल तर तो हिंदुस्थानच्या गळ्यात बांधू नका, सिलोनसारखी वेगळी वसाहत करा. युद्धाचा खर्च हिंदी तिजोरीतून, लढणारे बहुतेक शिपाई हिंदी, आणि फायदा लाकडाच्या कंपनीला, हा हिशेब त्यांना नीट कळत होता. शाळेच्या इतिहासात त्या अधिवेशनातले सनदी परीक्षेचे आणि कायदेमंडळाचे ठराव आपण पाठ केले. हा ठराव कोणी विचारला नाही.

राजाचे काय करायचे, हा प्रश्न उरला. आधी मद्रास, आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का, ते इथे जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, यायचे तर मुंबईच्या बोटीने, बोट बंदराबाहेर नांगरणार आणि माणसे पडावातून काठाला येणार. पावसाळ्यात तेही बंद. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला पुढे 1998 साल उजाडले, तेव्हा राजा लपवायला सरकारने गाव पारखून घेतले होते असेच म्हणावे लागते. आधी भाड्याचे बंगले, मग 1910 पासून टेकडीवरचा तो तांबडा, नक्षीदार वाडा. पहाऱ्याला पोलीस, देखरेखीला सरकारी अधिकारी, तुटपुंजा तनखा, वाढते कर्ज आणि एकेक करून विकलेली माणके. तीस वर्षे इथे काढून डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला.

मंडालेत राजवाड्याच्या तटबंदीला आता फोर्ट डफरिन म्हणत होते. दरबाराच्या दालनांत साहेबलोकांचा क्लब थाटला होता. 1901 मध्ये लॉर्ड कर्झन तिथे गेला, त्याला ते बघवले नाही आणि त्याने क्लब हलवायला लावला. सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले. आणि त्याच तटबंदीच्या आतल्या तुरुंगात 1908 पासून 1914 पर्यंत एक रत्नागिरीकर होता. टिळक आळीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक तिथे 'गीतारहस्य' लिहीत होते, त्या सुमारास थिबा इथे नव्या वाड्यात राहायला जात होता. त्यांचा राजा आमच्याकडे, आमचा लोकमान्य त्यांच्याकडे. त्याआधी 1858 मध्ये बहादुरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला पाठवले होतेच. गादीवरचा माणूस आपल्या माणसांत राहिला तर गादी नसतानाही धोक्याचा, एवढे इंग्रजांना पक्के ठाऊक होते.

पण या ठाऊक असण्यातही पिढीपिढीचा फरक असतो, आणि मला नेहमी आठवतो तो आपला 1818 सालचा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन. फेब्रुवारीत सातारा हाती आल्यावर त्याने लगेच जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य गेले, पण छत्रपतींना साताऱ्यास राज्य देऊन बसवू. मग प्रतापसिंह महाराजांना खरोखर गादीवर बसवले, शेजारी ग्रँट डफ नेमला, इनामे-वतने शक्य तितकी चालू ठेवली, पुण्याची दक्षिणा पूर्ण बंद न करता तिच्यातून 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा काढली. बाजीरावाला वर्षाला आठ लाख देऊन बिठूरला गंगाकाठी पाठवले. हा काही चांगुलपणा नव्हता. या मुलखात कोणाच्या नावाने सनद निघाली की माणसे मान तुकवतात, याचा अभ्यास करून बसलेला तो माणूस होता. तलवार कंपनीची आणि शिक्का छत्रपतींचा, अशी त्याने सोय लावली. पुढच्यांना ती अडचण वाटली. 1839 मध्ये प्रतापसिंहांना काशीला धाडले, 1848 मध्ये डलहौसीने साताराच खालसा केला, आणि 1857 साली साताऱ्यात रंगो बापूजींच्या कटाची प्रकरणे निघाली. तरीही पहिली तीस वर्षे महाराष्ट्र एवढा शांत का राहिला, याचे निम्मे उत्तर त्या जाहीरनाम्यात आहे. उरलेले निम्मे लोकांच्या थकव्यात असावे. बाजीरावी आणि पेंढारी सोसून माणसे थकली होती.

ब्रह्मदेशात मात्र एल्फिन्स्टनची ही वाट सोडून दिली. डफरिन फेब्रुवारी 1886 मध्ये स्वतः मंडालेला गेला. एखादा राजपुत्र बाहुल्यासारखा गादीवर बसवावा का, याचा खल झाला होता. त्याने ठरवले, गादीच नको. राजाची मंत्रिसभा मोडली. पिढीजात तालुकदार, ज्यांच्या शब्दावर शंभर-शंभर गावे चालत, ते बाजूला सारून 1887 मध्ये प्रत्येक गावावर सरकारी मुखिया नेमण्याचा कायदा आणला. सर्वांत खोल घाव बसला तो भिक्षुसंघावर. बौद्ध ब्रह्मदेशात संघाचा प्रमुख राजा नेमायचा, शिस्त मोडणाऱ्या भिक्षूला राजदंडाची भीती असायची. नव्या सरकारने धर्मात पडायचे नाही असे ठरवले. एरवी हे धोरण शहाणपणाचे वाटावे, पण तिथे त्याचा अर्थ असा झाला, की मठांना धनी उरला नाही. पुढच्या काळात ब्रह्मी राजकारणात भिक्षू पुढे दिसतात, उपोषण करून तुरुंगात मरतात, कधी जमावाच्या पुढे काठ्या घेऊन चालतात, त्याची मुळे मला इथे दिसतात.

आणि पंधरवड्याचे युद्ध पुढे चारपाच वर्षे चालले. सरकारी कागदांत लढणाऱ्यांना डाकू म्हटले आहे. त्यांत डाकूही होते, तसेच राजपुत्र म्हणवणारे, भिक्षू, गावपाटीलही होते. दहा हजारांच्या फौजेने घेतलेला देश ताब्यात ठेवायला तीस हजारांच्या वर शिपाई लागले. गावे जाळली गेली, माणसे उभी करून गोळ्या घातल्या. हूपर नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यावर आरोप आला, की छायाचित्राची काच नीट उमटावी म्हणून तो गोळीबाराचा हुकूम खोळंबून धरत असे. लंडनमध्ये ओरड झाली, चौकशी बसली. राज्य आमचे आहे हे पटवून द्यायला माणूस नव्हता, म्हणून बंदूक होती.

राजा नाहीसा झाला की लोक राजा विसरतात, हाही एक भ्रम ठरला. डिसेंबर 1930 मध्ये, भाताचे भाव कोसळले आणि कर तेवढेच राहिले तेव्हा, थारावाडी भागात, स्वतःला आधीच राज्याभिषेक करून घेतलेल्या साया सान नावाच्या माणसाने बंड पुकारले. गादी गेल्याला पंचेचाळीस वर्षे झाली होती. त्याच्याकडे वडिलोपार्जित काही नव्हते, होते ते छत्र, मुकुट आणि मंत्रतंत्र. हजारो शेतकरी त्याच्यामागे गेले. 1931 च्या नोव्हेंबरात त्याला फाशी दिले. या बंडाला अडाण्यांचे खूळ म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. मला ते तसे वाटत नाही. कर कोणाला द्यायचा आणि का, या प्रश्नाला त्या शेतकऱ्यांकडे जुनेच एक उत्तर शिल्लक होते आणि नवे त्यांना कोणी दिलेच नव्हते.

फौजेचेही तेच. इंग्रजांनी हिंदी पलटणी आणि डोंगराळ भागातले करेन, कचिन, चिन यांच्यावर भिस्त ठेवली. बहुसंख्य बर्मी माणसाला सैन्यात जवळपास जागाच नव्हती. मग जपान्यांच्या मदतीने आँग सान यांनी बर्मी फौज उभारली, आणि 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा एकाच देशात एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन तऱ्हांच्या सैनिकांची गाठ पडली. काही महिन्यांत यादवी पेटली, ती आजही विझलेली नाही. त्या 1948 सालीच कलकत्त्याचे सिंहासन ब्रह्मदेशाला परत गेले. राजा गेला नाही. खरे तर तो 1916 मध्येच मागितला होता. राणी सुपयालत नवऱ्याचे शव मंडालेला नेऊ द्या म्हणून हटून बसली होती, सरकार मेलेल्या थिबालाही तिकडे जाऊ द्यायला तयार नव्हते. शेवटी 1919 मध्ये, तिच्या मनाविरुद्ध, इथेच समाधी बांधून टाकली. ती त्याच वर्षी रंगूनला परतली, तिथे 1925 मध्ये गेली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत परत आली, वाड्याच्या नोकरीतल्या एका सावंतांशी तिचा संसार इथेच, पार हलाखीत झाला आणि 1947 मध्ये ती इथेच वारली. रत्नागिरीने राजघराण्याला असे रीतसर कोकणी करून घेतले.

शिवाजीनगर भागातल्या त्या समाधीकडे नव्वदेक वर्षे फारसे कोणी फिरकले नाही. मग पाहुणे येऊ लागले. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले, हे पूर्वीचे लष्करी अधिकारी. डिसेंबर 2016 मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा वंशजांबरोबर उपराष्ट्राध्यक्ष मिन्ट स्वे आणि सरसेनापती मिन आँग ह्लाइंग आले. लोकांनी निवडून दिलेले सरकार तेव्हा तिकडे होते, आँग सान सू ची यांच्या पक्षाचे. समाधीपुढे हात जोडायला आले ते प्रामुख्याने लष्कराच्या बाजूचे. यात नवल नाही. याच लष्कराने नेपिडो ही नवी राजधानी वसवली आणि तिथल्या संचलनाच्या मैदानावर तीन जुन्या राजांचे प्रचंड पुतळे उभे केले. त्यातला अलौंगपया हा थिबाच्याच घराण्याचा मूळपुरुष. मते मिळत नाहीत त्यांना पूर्वज लागतात.

त्या भेटीनंतर सव्वाचार वर्षेही झाली नव्हती. 1 फेब्रुवारी 2021 ला पहाटे निवडून आलेल्यांना अटक झाली, हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून मिन्ट स्वे यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली आणि सारे अधिकार मिन आँग ह्लाइंग यांच्याकडे सोपवले. समाधीवर शेजारीशेजारी उभे राहिलेले दोघेजण! आम्ही रत्नागिरीकरांनी त्यांच्या भेटीच्या दिवशी लाल दिव्यांच्या गाड्या मोजल्या आणि वाहतूक तुंबली म्हणून कुरकुर केली.

पुढचे वर्तमानपत्रात येते, पण आतल्या पानावर. शहरांतली पोरे जंगलात जाऊन शस्त्र चालवायला शिकली. बर्मी तरुण करेन आणि कचिन टोळ्यांच्या हाताखाली लढू लागले, सत्तर वर्षांची अढी या युद्धाने थोडी सैल केली, हेही नोंदवायला हवे. ऑगस्ट 2024 मध्ये लाशियोचे लष्करी ठाणे पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सक्तीच्या भरतीचा कायदा लागू झाल्यावर तरुण थायलंडकडे पळाले. मिझोराममध्ये आधीच हजारो निर्वासित आले होते. डिसेंबर 2025 मध्ये लष्कराने युद्ध चालू असतानाच निवडणुकीचे टप्पे सुरू केले, ज्या पक्षाला लोकांनी 2020 मध्ये भरभरून मते दिली तो पक्ष वगळून.

थिबाच्या अस्थी मायदेशी न्याव्यात, असा विषय अधूनमधून निघतो. इथल्या काहींना तो रुचत नाही. वाडा ओस पडेल, पर्यटक कमी होतील. मला तो रुचतो. मरताना त्या माणसाला मंडालेच हवे होते, आणि त्याच्यावर आपला हक्क काही नाही. पण आज मागणी आलीच, तर नाही म्हणावे, आणि कारण लेखी द्यावे. सध्या त्या अस्थी घ्यायला जो येईल तो लष्करी गणवेशात किंवा गणवेश नुकताच उतरवून येईल. मंडालेत मिरवणूक निघेल, तोफा होतील, आणि पुढच्या खुर्चीवर तोच बसलेला असेल. एकशे चाळीस वर्षांपूर्वी राजा इथे आणला तेव्हा रत्नागिरीला कोणी विचारले नव्हते. या वेळी विचारले, तर तिकडे लोकांनी निवडलेली सभा भरेपर्यंत थांबा असे सांगायला नगरपालिकेचा एक ठराव पुरे.